कानाचा रकाना

९ जानेवारी

चाचणीच्या वहीत तारीख, तापमान, हवेचा दाब, इंजिनाचे फेरे आणि निकाल लिहायचा असतो. बाकीच्या गोष्टींना तिथे जागा नाही, आणि नसावीच. पण बाकीचं आता साठत चाललं आहे, म्हणून ही वेगळी वही.

आज देवव्रतची गाडी आमच्या आगरदांड्याच्या शेडमध्ये आली. देवव्रत नांदगावचा, घरची नारळ-सुपारीची वाडी, शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे. गाडी बावीस वर्षांची, चार सिलिंडर, तेराशे सीसी. एप्रिलमध्ये घाटात वेळेची शर्यत आहे आणि त्याच्या गटात टर्बो चालत नाही. म्हणजे इंजिनात हवा कोंबायची नाही. जी घ्यायची ती त्याने स्वतःच्या श्वासाने घ्यायची. पनवेलला मोजून आणली तेव्हा चाकांवर ५८ अश्वशक्ती मिळाली. त्याला ७५ हवी. मी म्हटलं, होईल.

"होईल म्हणजे कागदावर की रस्त्यावर?"

"आधी कागदावर."

"कागदावर आमच्या वाडीत दरवर्षी दुप्पट सुपारी होते."

७५ झाली तर त्याचे दोन मित्र आपापल्या गाड्या आणणार आहेत. मग ही शेड चालेल आणि मी इथे राहीन. नाही झाली तर पुण्याला परत. कंपनीने दिलेली सहा महिन्यांची रजा १५ मार्चला संपते. त्याआधी कळवायचं आहे.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. गाडी चालूच होती, ते बोनेटमध्ये वाकले होते. "पुण्याला परत" एवढ्यावर त्यांनी मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली. बाकी काही बोलले नाहीत.

१२ जानेवारी

हेड उतरवलं. पेट्रोल जिथे पेटतं ते चारही कप्पे मोजले: वर काचेची पट्टी, तिला एक भोक, आणि भोकातून इंजेक्शनच्या सुईने निळं रॉकेल. पातळी काचेला टेकली की आकडा लिहायचा. चारांत जास्तीत जास्त फरक ०.९ मिलिलिटर. बाबांनी आकडे बघण्याआधीच तिसऱ्या कप्प्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा मोठा हाय." तिसराच होता.

बाबा एकतीस वर्षं डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. श्रीवर्धनपासून लोक त्यांना इंजिन ऐकवायला आणत. मी पाचवीत असताना ते ओट्यावर चहा पीत बसले होते, रस्त्यावरून एक टेम्पो गेला, आणि ते म्हणाले, ह्याचा तिसरा वॉल्व्ह सैल आहे. टेम्पोवाला तासाभराने त्याच तक्रारीसाठी परत आला.

म्हणून या शेडमध्ये एक नियम आहे. काटा काहीही दाखवो, कान मंजूर करेपर्यंत गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. मी चाचणीच्या वहीत शेवटचा रकाना त्यासाठी ठेवला आहे. वर लिहिलं आहे: कान. बाबांना मान्य असेल तर ते त्यात "ध" लिहितात. धर्माजीतला ध.

१८ जानेवारी

हेड घासून आणलं. पातळ गॅस्केटसकट दाबाचं प्रमाण ९ वरून १० होईल. दुपारी आगरदांड्याच्या जेट्टीवर बसून हवेच्या नळ्यांची लांबी काढली.

वॉल्व्ह मिटतो तेव्हा आत शिरणारी हवा त्याच्यावर आपटते. त्या धक्क्याची लाट नळीतून उलटी धावते, तोंडाशी पोचते, वळते आणि परत येते. ती परत येईल नेमक्या त्याच क्षणी वॉल्व्ह उघडा असेल तर थोडी जास्त हवा आत जाते. कोणी ढकलत नाही. फक्त वेळ जुळते. नळी लांब केली तर ही भेट कमी फेऱ्यांवर होते, आखूड केली तर जास्त.

भरती लागली होती. दिघीची फेरीबोट सुटली, तिच्या मागची लाट धक्क्याला लागून परत फिरली आणि खाडीत शिरणाऱ्या दुसऱ्या लाटेला भेटली. भेटली तिथे पाणी क्षणभर उंच झालं, मग नेहमीसारखं. मी तेरा वेळा हे पाहिलं. आकडा ३१० मिलिमीटर आला. तो मी त्याआधीच काढला होता की नंतर, हे आता आठवत नाही. मला असं सहसा होत नाही.

२६ जानेवारी

बाबांना बारा नंबरचा पाना तीनदा मागितला. तिसऱ्या वेळी मी उठून स्वतः घेतला.

तेवढ्यात झेंडावंदन आटोपून आई आली. रस्त्यावरूनच म्हणाली, "अहो, लाडू आणलेत शाळेतले, हात धुवा." बाबा लगेच उठले. आई सव्वीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळते. तिची हाक खाडीपलीकडे पोचेल. माझा आवाज लहान आहे आणि मी तो वाढवत नाही. चाकणला, कंपनीत, आम्ही इंजिनाच्या खोलीच्या काचेबाहेर बसायचो, तिथे कोणी ओरडत नसे.

नोंद: बाबा आईशी बोलतात, देवव्रतशी बोलतात. माझ्याशी नाही. मी रजा घेतली हे त्यांना पटलेलं नाही, असा निष्कर्ष.

३० जानेवारी

आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला बाबांना बसवून शेजारी गेली. डाळ करपली.

"लक्ष कुठे असतं तुमचं?"

"इंजिनात."

आई हसली. मीही हसले असते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

४ फेब्रुवारी

सकाळी ११.४० ला इंजिन सुरू झालं. वॉल्व्हची उघडमीट करणारा नवा कॅमशाफ्ट, चार सिलिंडरना चार वेगळ्या नळ्या. कमी फेऱ्यांवर ते अडखळतं, झोपेत बोलणाऱ्या माणसासारखं. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे नळ्यांची तोंडं एका सुरात येतात. तो आवाज कुठून येतो हे कळत नाही; शेडच्या पत्र्यातून, जमिनीतून, माझ्या फासळ्यांतून. समोर भागुबाई सुकी मासळी मांडून बसतात, त्यांनी टोपलीवर हात ठेवला.

"गो प्रज्ञा, माझे बोंबील उडतील ना."

पूर्वी बाबा लांब स्क्रू ड्रायव्हरचा दांडा कानाला लावून ऐकत. आता तळहात ठेवतात, डोळे मिटून, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. पद्धत का बदलली ते विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

सातच्या फेरीने गाडी दिघीला नेली. पलीकडचा रस्ता रुंद आहे आणि सकाळी रिकामा असतो. खाडीवर धुकं होतं. मधोमध आल्यावर दोन्ही किनारे दिसेनासे झाले. फेरीचं इंजिन चालू होतं, पण आपण पुढे जातो आहोत याचा काही पुरावा नव्हता. बाबा कठड्याला धरून उभे होते. मी म्हटलं, छान वाटतंय. त्यांनी उत्तर दिलं नाही.

पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची हे आज ठरवायचं होतं. आधी पाडली की ताकद वाढते. फार आधी पाडली की नॉकिंग होतं: उरलेलं पेट्रोल आपोआप पेटतं आणि पिस्टनवर छोट्या हातोडीने मारल्यासारखा बारीक, उंच आवाज येतो. तो ऐकू आला की मागे यायचं. या जुन्या इंजिनाला नॉकिंग पकडणारं यंत्र नाही, आणि मला ते कानाने कधी ओळखता आलेलं नाही. चाकणला ते पडद्यावर दिसायचं. देवव्रत चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे लॅपटॉप घेऊन.

२६ अंश. बाबा म्हणाले, साफ. २८ अंश. साफ.

२८ ला माझा हिशोब संपतो. मी गाडी चालू असतानाच मागून बाबांना सांगितलं, "माझा आकडा इथे थांबतो. पुढचे दोन अंश तुमच्या कानावर." ते म्हणाले, "व्हय."

३० अंश. तिसरा गिअर, पूर्ण ताकद. गाडी थांबल्यावर बाबांनी आधी मागे वळून माझ्याकडे बघितलं, चांगलं दोन-तीन सेकंद. मी चेहरा कोरा ठेवला. त्यांच्या निर्णयावर माझा परिणाम व्हायला नको. मग म्हणाले, "साफ हाय." वही मागून घेतली आणि तीनही ओळींत "ध" लिहिलं.

१३ फेब्रुवारी

३० अंशांवर पुन्हा चाचणी, या वेळी दुपारी, तापलेल्या हवेत. पहिल्या तीन धावा चांगल्या. चौथ्या धावेत पाच हजारांवर ताकद पडली. मागे निळा धूर.

परतताना फेरीत देवव्रत म्हणाला, "धुरात वास चांगला होता." त्याच्याकडे पाहून कोणी हसलं नाही, म्हणून तोच थोडा हसला.

१५ फेब्रुवारी

हेड उतरवलं. तिसरा पिस्टन: डोक्यावर बारीक खड्डे, वाळूच्या फवाऱ्याने खाल्ल्यासारखे. रिंगेची कड तुटलेली. प्लगवर ॲल्युमिनियमचे कण. नॉकिंग, एकदा नव्हे, बरंच.

कारण तपासायचं तर टप्प्याटप्प्याने.

एक: नॉकिंग झालं. पिस्टन समोर आहे, त्यामुळे वाद नाही.

दोन: ज्या माणसाला ओट्यावर बसून टेम्पोचा वॉल्व्ह ऐकू येतो त्याला हाताच्या अंतरावरचं नॉकिंग ऐकू आलं नाही, हे शक्य नाही.

तीन: म्हणजे आलं. आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुण्याच्या नोकरीबद्दल बाबा चारचौघांत बोलायचे, आमची बाय इंजिन बनवते, पांढऱ्या कोटात. त्यांना मी परत जायला हवी आहे. निष्कर्ष चुकीचा असेल तर मला आवडेल, पण आवडणं हा पुरावा नाही.

१९ फेब्रुवारी

देवव्रत नवा पिस्टन घेऊन आला. सोबत घरची शहाळी.

"काकांशी बोललीस?"

"कामापुरतं."

"तुझं कामापुरतं म्हणजे दिवसाला दोन शब्द. त्यातला एक पाना."

मी शहाळं प्यायले. तो म्हणाला, शर्यत पुढच्या वर्षीही असते. मी म्हटलं, १५ मार्च पुढच्या वर्षीच्या आधी येतो. तो रिकामी शहाळी एकात एक ठेवता येतात का ते बघत बसला. येत नाहीत.

२४ फेब्रुवारी

नॉकिंग पकडायला स्वतःच एक संवेदक केला: इलेक्ट्रॉनिक घंटीत असते ती, कंपनं पकडणारी चकती, ब्लॉकवर बोल्टने घट्ट. या सिलिंडरच्या व्यासाला नॉकिंगचा सूर सेकंदाला साधारण साडेसात हजार कंपनांचा येतो. चकती तो पकडते का बघायला लॅपटॉपवरून तोच सूर वाजवला, मोठ्याने.

देवव्रतने दोन्ही कानांवर हात ठेवले. दारातलं कुत्रं उठून निघून गेलं. समोरून भागुबाई ओरडल्या, "काय किंचाळतंय ता?"

बाबा माझ्यापासून चार फुटांवर पाना पुसत होते. पुसत राहिले.

मी सूर बंद केला नाही. देवव्रत माझ्याकडे बघत होता, मग बाबांकडे. मी सहा हजारांवर आणला. पाच. चार. बाबांनी पाना ठेवला, दुसरा घेतला. तीन हजार. अडीच. दोन हजारांवर त्यांनी मान वर केली.

"काय वाजतंय?"

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, काही नाही. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

२५ फेब्रुवारी

ही वही पहिल्या पानापासून वाचली. नऊ जानेवारी. सव्वीस जानेवारी. कुकर. फेरीवर म्हटलेलं "छान वाटतंय". सगळी निरीक्षणं बरोबर आहेत. तारखाही बरोबर आहेत.

दुपारी बाबांच्या समोर स्टूल टाकून बसले, तोंड उजेडाकडे करून. सावकाश विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही. हातातल्या चिंधीची घडी करत राहिले.

"चार वर्सां झाली आसतील. आदी रातकिडे गेले. मंग शिट्टी. मंग तू."

"मी?"

"तुझा आवाज बारीक. ओठ हालताना दिसतात, निम्मं समजतं. तुझ्या आयशीचं सगळं ऐकू येतं." थोडं थांबून म्हणाले, "नको तेवडं."

"मग सही का केलीत?"

"तुझा आकडा चुकत न्हाय. मी तुझ्याकडं बघितला, तू बिनघोर बसलेली. म्हटला, हिचा हिशोब हाय, साफच असणार."

"मी तेव्हा सांगितलं होतं, माझा हिशोब अठ्ठावीसला संपतो."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी तिसरा पिस्टन उचलून त्याच्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला.

"कान गेला सांगितला आसता, तर माझं हितं काय काम राहिला आसता, बाय?"

मी दोन अंश त्यांच्या कानावर ठेवले होते. त्यांनी तेच दोन अंश माझ्या आकड्यावर ठेवले होते. दोन अंशांखाली कोणीच नव्हतं.

१५ तारखेची नोंद खोडलेली नाही. तिच्याखाली लिहिलं: टप्पा दोन चूक.

४ मार्च

नवा पिस्टन, सिलिंडर साफ करून घेतला, इंजिन पुन्हा बांधलं. आज दिघी.

चकतीचा आवाज लॅपटॉपवर साठवला आणि आठपट सावकाश वाजवला. साडेसात हजार कंपनांचा सूर साडेनऊशेच्या आत येतो; तो बाबांच्या कानाच्या हद्दीत आहे. रस्त्याकडेला सुरूच्या सावलीत गाडी उभी केली आणि हेडफोन त्यांना दिला. एक टोक माझ्या कानात.

सावकाश केलेलं इंजिन इंजिनासारखं वाटत नाही. चार सिलिंडर चार लाटांसारखे येतात, मोठ्या, गोल, एक फुटेपर्यंत दुसरी उचललेली. काशीदच्या किनाऱ्यावर संध्याकाळी डोळे मिटून पडलं की असं ऐकू येतं. आम्ही दोघं गाडीच्या दाराला टेकून ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता.

मग एका लाटेच्या पाठीवर, अगदी लहान, तांब्याच्या भांड्याला नख लागल्यासारखं: टिण्.

बाबांनी डोळे उघडले. "ह्याच तो." पुन्हा ऐकलं. पुन्हा. "तिसरा न्हाय. दुसरा. तिसरा आता गप हाय." ठिणग्यांच्या वेळेशी ताडून पाहिलं. दुसराच होता.

ते हेडफोन काढायला तयार नव्हते. देवव्रत म्हणाला, "काका, शेवटची फेरी जाईल." बाबांनी ऐकलं नाही, आणि या वेळी तो कानाचा दोष नव्हता.

२८ वर होतं. बाबा म्हणाले, एक अंश मागे घे. मी म्हटलं, तोंड त्यांच्याकडे करून, मग पंच्याहत्तर होणार नाही. म्हणाले, "न्हाय होऊ दे. पिस्टन राहू दे." २७. रकान्यात "ध".

१० मार्च

पनवेल. तीन वेळा मोजली. ७३.

देवव्रत कागद बघत राहिला. "राहिलेल्या दोन मी गाडीतल्या सुपाऱ्या उतरवून भरून काढतो."

"वजनाने ताकद वाढत नाही."

"घाटात वाढते," तो म्हणाला, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे.

त्याच्या एका मित्राने नकार कळवला. पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर. दुसरा अजून विचार करतो आहे. म्हणजे ठरल्याप्रमाणे अट पूर्ण झालेली नाही.

१४ मार्च

उद्या कळवायचं आहे. सकाळी पत्राचे दोन मसुदे केले, दोन्ही सारख्याच लांबीचे. शेडमध्ये गेले तर बाबा माझी हत्यारं पुसून माझ्या पुण्याच्या पेटीत लावत होते, मापाप्रमाणे, लहान ते मोठं. नऊ जानेवारीला त्यांना "पुण्याला परत" एवढंच ऐकू गेलं होतं. त्याआधीचे दोन्ही "तर" गेले नव्हते. दोन महिने ते मी जाणार हे धरून चालले होते.

मी नेहमीच्या आवाजात बोलले. ते पेटीत वाकलेले होते. बारा नंबरचा पाना त्याच्या खाचेत बसवत होते.

मग मी दारात उजेडात उभी राहिले आणि आईसारखा, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज काढला. तो माझ्याजवळ आहे हे मला माहीत नव्हतं.

"बाबा, मी पुण्याला जात नाही. मी इथेच राहते."

कुत्रं उठलं. समोर भागुबाई टोपलीमागून उभ्या राहिल्या. "कोण जात न्हाय गो?"

बाबा सरळ झाले. माझ्याकडे पाहिलं, अकरा फेब्रुवारीला पाहिलं होतं तसंच, दोन-तीन सेकंद. या वेळी मी चेहरा कोरा ठेवला नाही. निदान तसा प्रयत्न केला नाही.

"वरडतेस कशाला?" ते म्हणाले. "ऐकला मी."

बारा नंबरचा पाना त्यांनी पेटीतून काढला आणि भिंतीवरच्या खिळ्याला परत टांगला. मग फळीवरची चाचणीची वही घेतली. आज चाचणी नव्हती. ओळीत मी फक्त तारीख लिहिली होती. तापमान नाही, फेरे नाहीत, अंश नाहीत. त्यांनी बोट फिरवत शेवटचा रकाना शोधला आणि त्यात "ध" लिहिलं.